सेतूवर सिंह कुठून आला?
‘सिंहाचा वाटा’ या वाक्प्रचाराचा शोध

१

‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेला असतो. त्या यादीत ‘सिंहाचा वाटा उचलणे’ आले, की उत्तर ठरलेले असते. अर्थ : एखाद्या कामातील मोठी जबाबदारी पार पाडणे. वाक्य : शाळेची इमारत उभी करण्यात गावकऱ्यांनी सिंहाचा वाटा उचलला. पूर्ण गुण.

तोच विद्यार्थी पुढच्या तासाला इंग्रजीच्या वहीत ‘लायन्स शेअर’चा उपयोग करतो. तिथे वाक्य साधारण असे असते : थोरल्या भावाने वडिलांच्या मालमत्तेतला लायन्स शेअर स्वतःकडे घेतला. त्यालाही पूर्ण गुण. दोन्ही वाक्ये आपापल्या भाषेत बिनचूक आहेत. प्राणी एकच, शब्दही जवळजवळ एकास एक. पण मराठी वाक्यातला सिंह देतो आहे आणि इंग्रजी वाक्यातला सिंह घेतो आहे.

इंग्रजीतून मराठीत आलेले वाक्प्रचार पुष्कळ आहेत. ‘प्रकाश टाकणे’, ‘भूमिका बजावणे’, ‘हिरवा कंदील दाखवणे’ हे सारे आता इतके घरचे झाले आहेत, की त्यांचे माहेर कुणी विचारत नाही. मात्र यांतल्या कुणी येताना आपली दिशा उलटी करून घेतलेली नाही. ‘सिंहाचा वाटा’ने ती करून घेतली. ती का आणि कशी, आणि त्यामुळे आपल्या लिहिण्याबोलण्यात काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मी भाषाशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. नाशिकमध्ये मुद्रितशोधनाची कामे करताना स्मरणिका, गौरव अंक, संस्थांचे अहवाल आणि सुवर्णमहोत्सवी विशेषांक हाताखालून जात राहिले. त्यांत हा वाक्प्रचार इतक्या वेळा भेटला, की त्याची टाचणे काढण्याची सवय लागली. पुढचे विवेचन त्या टाचणांतून आणि कोशांच्या वाचनातून उभे राहिले आहे.

२

मूळ कथा इसापाच्या नावावर आहे. तिची दोन रूपे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिल्या शतकातला रोमन कवी फीड्रस याने सांगितलेल्या रूपात गाय, शेळी आणि मेंढी सिंहाबरोबर शिकारीला जातात. एक मोठे हरीण मिळते. सिंह त्याचे चार भाग करतो. पहिला भाग मी राजा म्हणून माझा, दुसरा मी तुमचा भागीदार म्हणून माझा, तिसरा मी अधिक बलवान म्हणून माझा, आणि चौथ्याला जो हात लावील त्याचे काही खरे नाही, असे तो सांगतो. दुसऱ्या रूपात सिंहाबरोबर गाढव आणि कोल्हा असतात. गाढव प्रामाणिकपणे तीन सारख्या वाटण्या करते आणि सिंह त्याला फाडून टाकतो. मग कोल्हा जवळजवळ सगळीच शिकार सिंहापुढे ढकलून स्वतःला नावापुरता तुकडा ठेवतो. ही वाटणी तुला कुणी शिकवली, असे सिंहाने विचारल्यावर गाढवाच्या गतीने शिकवली, असे तो उत्तर देतो.

या कथेत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शिकार सर्वांनी मिळून केलेली आहे. वाटणी उघडपणे, कारणे सांगून होते आहे. आणि त्या कारणांत ‘मी तुमचा भागीदार आहे’ हेही एक कारण आहे. म्हणजे सिंह चोर नाही. तो भागीदारीच्याच नावाने सगळे नेतो आहे.

रोमन कायद्याच्या पंडितांनी नेमके हेच ओळखले. ज्या भागीदारीत नफा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, तिला कॅसियस हा कायदेपंडित ‘सिंही भागीदारी’ म्हणत असे आणि अशी भागीदारी होऊच शकत नाही असे त्याचे मत होते. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने करविलेल्या कायदेसंग्रहात हे मत नोंदलेले आहे. फ्रेंच कायद्यात आजही अशा कलमाला ‘सिंही कलम’ म्हणतात आणि ते करारात लिहिलेलेच नाही असे मानले जाते. एका बोधकथेतून न्यायाची एक संज्ञा तयार झाली आणि ती दोन हजार वर्षे टिकली.

इंग्रजीत एडमंड बर्क याने फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या १७९० च्या पुस्तकात हा शब्दप्रयोग शेतीच्याच संदर्भात केला आहे. फ्रान्समधले जमीनदार कुळांबरोबर भागीदारीत असत तेव्हा त्यांनी सिंहाचा वाटा घेतल्याचे आपण ऐकलेले नाही, असे तो त्यांच्या बाजूने सांगतो. बर्कचे म्हणणे मान्य असो वा नसो, शब्दाचा अर्थ तिथे स्वच्छ आहे. तो आरोपाचा शब्द आहे, आणि बर्क जमीनदारांना त्या आरोपातून सोडवू पाहतो आहे.

३

इसाप मराठीत फार लवकर आला. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ निघाली, ती इसापाच्या कथांचीच होती. मुंबईकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे इसापनीतीचे भाषांतर १८२८ चे. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी इसाप वाचला आहे. म्हणजे मूळ कथा ठाऊक नसल्यामुळे अर्थ फिरला असे म्हणता येत नाही. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

पहिले कारण सिंह या प्राण्याच्या मराठीतल्या प्रतिष्ठेत आहे. सिंहासन, सिंहगर्जना, सिंहावलोकन, नरसिंह, पुरुषसिंह या सगळ्या शब्दांत सिंह मानाचा आहे. तानाजीच्या कथेमुळे तर तो मराठी मनात हौतात्म्याशी जोडला गेला आहे. आपल्याकडे लबाडीने वाटणी करणारे प्राणी वेगळेच. जातककथेत दोन पाणमांजरांनी धरलेल्या माशाचा निवाडा करायला कोल्हा बसतो. एकाला डोके, दुसऱ्याला शेपूट देऊन मधला भाग स्वतः नेतो. लोण्याच्या गोळ्यावरून भांडणाऱ्या दोन मांजरांचा न्याय माकड करते. हावरटपणासाठी आपल्याकडे लांडगा आहे, गिधाड आहे, बोका आहे. हावरट सिंह मराठी कानाला पटतच नाही.

दुसरे कारण ‘वाटा’ या शब्दात आहे. हा शब्द मुळात वाटणीचा. खळ्यावर धान्याची रास पडली, की बलुतेदारांचे वाटे निघत. वाट्याने जमीन कसणारा तो वाटेकरी. इथपर्यंत वाटा म्हणजे फळातला भाग. पण खर्च, कष्ट, जबाबदारी यांचेही वाटे होतात. ‘लग्नाच्या खर्चाचा वाटा मामाने उचलला’ या वाक्यात वाटा म्हणजे भार. आणि ‘उचलणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते. रास उचलता येते आणि ओझेही उचलता येते. ‘सिंहाचा वाटा उचलला’ या तीन शब्दांत सिंहाने धान्य उचलले की ओझे उचलले हे सांगण्याची सोयच नाही. इंग्रजीत सिंहाच्या वाट्याबरोबर सहसा घेणे, मिळणे, जवळ असणे या अर्थाची क्रियापदे येतात. मराठीने त्याला ‘उचलणे’ दिले आणि दार दोन्ही बाजूंनी उघडे राहिले.

हे सगळ्याच भारतीय भाषांत झाले असे मात्र नाही. बंगालीत ‘सिंहभाग’ म्हणजे बहुतांश. तिथे स्तुती नाही आणि निंदाही नाही, केवळ प्रमाण आहे. तेलुगूतला ‘सिंहभाग’ही जवळपास तसाच. कन्नडमध्ये ‘सिंहपालु’ म्हणजे मिळालेला सर्वांत मोठा हिस्सा. आपला शेजारी गुजराती मात्र मराठीच्याच वाटेने गेला. तिथे ‘सिंहफाळो’ म्हणजे मोठे योगदान, कारण ‘फाळो’ या शब्दात वर्गणी आणि योगदान दोन्ही बसतात. म्हणजे सिंह सर्वत्र एकच असला, तरी त्याच्या शेजारी बसलेल्या शब्दाने त्याचा स्वभाव ठरवला.

४

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे ‘खारीचा वाटा’.

लंकेला जाणारा सेतू बांधताना खार वाळूत लोळून अंगाला लागलेले कण सेतूवर झटकत होती, आणि रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली म्हणून तिच्या अंगावर पट्टे आले, ही कथा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. वाल्मीकिरामायणात ती नाही. तमिळ आळवारांपैकी तोंडरडिप्पोडी यांच्या ‘तिरुमालै’मध्ये सेतूला साहाय्य करणाऱ्या खारींचा उल्लेख येतो आणि तेलुगू ‘रंगनाथ रामायणा’त खारीची कथा आहे. आमच्या पंचवटीत, जिथे रामकुंड आणि सीतागुंफा रोजच्या येण्याजाण्यातल्या आहेत, तिथे खारीची कथा कुणी कुणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही.

‘खारीचा वाटा’ यातला वाटा पहिल्यापासून कामातला आहे. खारीला सेतूतून काही मिळवायचे नव्हते. इसापाचा सिंह मराठीत आला, तेव्हा ‘अमक्या प्राण्याचा वाटा’ असा हा साचा आपल्याजवळ होताच. सिंह त्या साच्यात बसला आणि खारीचे मोठे रूप झाला. खारीने कणभर दिले, सिंहाने डोंगराएवढे दिले. ग्रीक कथेतला सिंह असा रामाच्या सेतूवर कामाला लागला. शाळेच्या यादीत हे दोन वाक्प्रचार बहुधा मागेपुढेच छापलेले असतात, त्यामुळे ही जोडी पक्की झाली.

या जोडीचे एक व्याकरण आहे. ‘खारीचा वाटा’ माणूस स्वतःविषयी बोलतो : या कार्यात माझाही खारीचा वाटा आहे. दुसऱ्याला ‘तुमचा खारीचा वाटा आहे’ असे तोंडावर म्हटले, तर तो दुखावेल. ‘सिंहाचा वाटा’ याच्या उलट, नेहमी दुसऱ्याविषयी. ‘या यशात माझा सिंहाचा वाटा आहे’ असे सभेत कुणी म्हणाले, तर लोक एकमेकांकडे पाहतील. एक विनयाचा प्रयोग आहे, दुसरा गौरवाचा. दोन्ही सत्कार समारंभाच्या व्यासपीठावर राहतात. आणि गौरवाचा शब्द झाल्यामुळेच ‘सिंहाचा वाटा’ मराठीत वाईट गोष्टीला सहजी लागत नाही. इंग्रजीत दोषाचाही सिंहाचा वाटा असू शकतो. मराठीत ‘या अपघातात बेदरकार चालकाचा सिंहाचा वाटा होता’ हे वाक्य कानाला खटकते, किंवा उपरोधाने म्हटल्यासारखे वाटते.

५

यावर कुणी म्हणेल, की मग बिघडले काय? शब्द आपल्या घरी आला, आपल्या रीतीने राहू लागला. हे मला मान्य आहे. मराठी वाक्प्रचाराची परीक्षा इंग्रजी शब्दकोशावर घेण्याचे काही कारण नाही, आणि ‘सिंहाचा वाटा उचलणे’ चुकीचे आहे असे म्हणणारा शिक्षक मला नको आहे. प्रश्न शुद्धाशुद्धाचा नाही, हिशेबाचा आहे. कष्टातला वाटा आणि फळातला वाटा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘सिंहाचा वाटा’ हा शब्द वापरला, की त्या दोन्ही एकाच रकान्यात पडतात.

कोशांचेच उदाहरण घेऊ. ‘मराठी कोशरचनेत मोल्सवर्थचा सिंहाचा वाटा आहे’ अशा धर्तीचे वाक्य आपण सहज लिहून जातो. ते खरेही आहे. १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती हे अफाट काम आहे. पण १८३१ च्या कोशामागे शास्त्रीमंडळी कामाला होती. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आदींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये छापला जाऊ लागला होता. मोल्सवर्थच्या कोशाच्या मुखपृष्ठावर जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंची नावे साहाय्यक म्हणून आहेत. आज मात्र आपण ‘मोल्सवर्थ पाहा’ एवढेच म्हणतो. तेव्हा मोल्सवर्थचा सिंहाचा वाटा नेमका कशातला? त्याने कामाचा मोठा भार वाहिला हे खरे, आणि नावाची जवळजवळ सगळी शिकार त्याच्याकडे गेली हेही खरे. मराठी वाक्य पहिली गोष्ट सांगते आणि तिच्या आड दुसरी दिसेनाशी होते. मोल्सवर्थने कुणाचे काही हिरावून घेतले असे मी म्हणत नाही. हिशेब आपण, म्हणजे नंतरच्या लिहिणाऱ्यांनी, नीट ठेवलेला नाही. शंभर वर्षांनी १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ला आपण ‘दाते-कर्वे’ म्हणतो. त्याच्या संपादकांत आबा चांदोरकर आणि चिं. शं. दातार हेही होते. ती नावे बोलण्यात उरली नाहीत.

दुसरे उदाहरण नाशिकचे आणि अधिक गंभीर. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांचे संघटन. हा लढा १९३५ पर्यंत चालला. या विषयावरच्या लेखांत नेत्यांचा ‘सिंहाचा वाटा’ येतो आणि त्याच ओघात ‘असंख्य अनाम सत्याग्रहींनीही खारीचा वाटा उचलला’ असे वाक्य येऊन जाते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण थांबून पाहावे. घरदार सोडून आलेली, मारहाण सोसलेली, गावी परतल्यावर बहिष्काराला तोंड दिलेली ही माणसे. त्यांनी कणभर वाळू झटकली, असे आपण म्हणतो आहोत. शिवाय ‘खारीचा वाटा’ हा विनयाचा शब्द स्वतःच बोलायचा असतो. तो दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि ज्या रामाच्या दारात त्यांना प्रवेश नव्हता, त्याच रामाच्या सेतूवरची खार त्यांच्यासाठी वापरावी, याचेही आपल्याला काही वाटत नाही. तिथे दादासाहेबांचे स्थान कमी करण्याचा प्रश्नच नाही. फक्त ‘हजारो सत्याग्रहींनी हा लढा पाच वर्षे चालवला’ असे साधे वाक्य लिहिले, तर कुणाचाही वाटा कमी होत नाही आणि कुणी खारही होत नाही.

६

आता उलट बाजू. सिंह देणारा झाल्यावर घेणाऱ्याला काय म्हणायचे?

मराठीत घेणाऱ्यांसाठी शब्द कमी नाहीत. मलिदा लाटणे आहे, लोण्याचा गोळा मटकावणे आहे, मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे आहे. इसापाच्या कथेचे तात्पर्य तर ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीत आहेच. पण हे सगळे शब्द उघड लबाडीचे किंवा उघड जबरदस्तीचे आहेत. कायद्याने, कराराने, सर्वांसमक्ष आणि भागीदारीच्या नावाने जो मोठा हिस्सा एका बाजूला जातो, त्यासाठी ते बसत नाहीत. तिथे ‘मलिदा’ म्हटले, की समोरचा पुरावा मागतो, आणि त्याचे चूक नसते.

लासलगावच्या कांद्याचा विचार करा. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहक कांद्यासाठी देतो त्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याकडे पोहोचतात. उरलेल्या पैशांत हमाली, तोलाई, वाहतूक, साठवण, वाटेत होणारी घट, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांचा नफा असे सारे येते. यातले बरेचसे खर्च खरे आहेत. त्याला कुणी चोरी म्हणणार नाही. पण कांदा पिकवण्यात सिंहाचा वाटा शेतकऱ्याचा आणि कांद्याच्या रुपयात सिंहाचा वाटा इतरांचा, हे एका दमात म्हणून पाहा. दोन्ही ठिकाणी तोच वाक्प्रचार, दोन्ही वाक्ये खरी, आणि सारी गोष्ट त्या दोन वाट्यांमधल्या अंतरात आहे. शब्दाचा फक्त गौरवाचा अर्थ शिकलेल्या वाचकाला दुसरे वाक्य वाचताना क्षणभर अडखळायला होते. हे अडखळणे मला खुपते. ज्या कथेने रोमन कायद्याला अन्याय्य भागीदारी ओळखायला शब्द दिला, तिच्यातून आलेला शब्द आपण सत्काराच्या शालीत गुंडाळून ठेवला आहे.

घेण्याचा अर्थ मराठीतून पुरता गेलेला नाही. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ‘निधीतला सिंहाचा वाटा अमुक विभागाला’ असे आपण वाचतो. म्हणजे दोन्ही अर्थ नांदत आहेत. त्यांना ओळखायच्या खुणाही भाषेनेच दिल्या आहेत. ‘उभारणीत’, ‘जडणघडणीत’, ‘यशात’ अशा कार्याच्या नावापुढे आणि ‘असणे’, ‘उचलणे’ या क्रियापदांबरोबर तो देण्याचा वाटा असतो. ‘निधीतला’, ‘नफ्यातला’, ‘पाण्यातला’ अशा वाटून घेता येणाऱ्या वस्तूपुढे आणि ‘घेणे’, ‘मिळणे’, ‘जाणे’ या क्रियापदांबरोबर तो घेण्याचा. लिहिणाऱ्याने एवढे पाळले, की घोटाळा होत नाही. ‘यश’ हा शब्द तेवढा फसवा आहे, कारण यश हे कामही आहे आणि फळही.

७

म्हणून पाठ्यपुस्तके आणि वाक्प्रचारांच्या याद्या करणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. ‘सिंहाचा वाटा’ याच्यापुढे एक अर्थ न देता दोन द्यावेत आणि दोन वाक्ये मागावीत : एक कष्टाचे, एक फळाचे. उदाहरणादाखल :

धरणाच्या बांधकामात स्थलांतरित मजुरांनी सिंहाचा वाटा उचलला.

धरणाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा वरच्या गावांनी घेतला.

ही दोन वाक्ये शेजारी लिहिणारी दहावीची मुलगी आपोआप तिसरा प्रश्न विचारील, की मग त्या मजुरांना काय मिळाले? तो प्रश्न परीक्षेत नसतो आणि त्याला गुणही नसतात. पण गौरवग्रंथ लिहिणाऱ्याने, वाङ्मयेतिहासकाराने आणि समीक्षकाने तो स्वतःला विचारावा. कोणाचा तरी ‘सिंहाचा वाटा’ लिहिण्याआधी शिकारीला बरोबर कोण कोण होते, त्यांची नावे काढावीत. ती सापडली, की बहुतेक वेळा तो वाक्प्रचार लिहिण्याची गरज उरत नाही. नावेच पुरेशी होतात.